करार नसलेलं किंवा थोड्या महिन्यांचं घरचं ब्रॉडबँड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बदलताना, शिकायला किंवा नोकरीसाठी काही महिने दुसरीकडे राहायला जाताना लोक मला नेटबद्दल जे विचारत राहतात, ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीचे प्रश्न साधे आहेत, शेवटचे अडनिडे. सगळं वाचायला वेळ नसेल तर प्रश्न ४ आणि ११ तेवढे वाचा. लोकांचे पैसे जास्त करून या दोन ठिकाणीच जातात.

१. "करार नाही" म्हणजे नेमकं काय? कसलीच सही लागत नाही का?

सही लागते आणि अटीही मान्य कराव्या लागतात. नसते ती किमान मुदत. या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली महिन्यागणिक: दर महिन्याला बिल येतं, सोडायचं असेल तर आधी कळवावं लागतं. दुसरी प्रीपेड: पैसे आधी भरायचे, रिचार्ज केलं नाही की नेट बंद. तिसरी अल्पमुदतीची: तीन किंवा सहा महिन्यांचा प्लॅन. या तिसऱ्या प्रकारात करार असतोच, फक्त तो लहान असतो. मधेच सोडलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे मागितले जाऊ शकतात.

जाहिरातीत तिन्हींचं वर्णन सारखंच वाटतं. म्हणून घेण्याआधी एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या: "आज घेऊन दोन महिन्यांनी बंद केलं, तर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत मला एकूण किती पैसे द्यावे लागतील?"

२. माझ्यासाठी हे बरोबर आहे का, हे कसं ठरवू?

त्या घरात किती महिने राहणार हे तुम्हाला नक्की माहीत नसेल, तर बहुधा हो. भाड्याचं घर, ठरावीक काळाचं काम, कोर्स, घराची दुरुस्ती चालू असताना तात्पुरती जागा, लवकरच नवी लाइन येणार आहे असा भाग, हे सगळे यात आले. स्वतःच्या घरात पुढची काही वर्षं राहणार असाल आणि कंपनीची सेवा आधी पाहिलेली असेल, तर करारवाला प्लॅन बहुतेक वेळा स्वस्त पडतो. "मोकळं असलेलं बरं" एवढ्या एका कारणासाठी दर महिन्याला जास्त पैसे भरू नका.

३. करार नसला की महाग का पडतं?

जोडणीला माणूस येतो, तार ओढली जाते, राउटर दिला जातो. हा खर्च कंपनी पहिल्याच दिवशी करते आणि करार असेल तर तो महिन्यामहिन्याच्या भाड्यातून हळूहळू वसूल करते. तुम्ही कधीही जाऊ शकत असाल तर त्या वसुलीची खात्री नाही, म्हणून एक तर सुरुवातीला इन्स्टॉलेशनचे पैसे घेतले जातात किंवा भाडं चढं असतं.

यातूनच एक महत्त्वाची गोष्ट निघते. "करार नाही" आणि "इन्स्टॉलेशन फुकट" या दोन्ही ओळी एकाच ठिकाणी दिसल्या, तर अटींमध्ये आणखी एक ओळ शोधा: अमुक महिन्यांच्या आत सोडल्यास इन्स्टॉलेशनचे पैसे परत मागणार का? ती ओळ असेल तर करार आहे, फक्त त्याचं नाव वेगळं ठेवलेलं आहे.

४. दोन प्लॅनची तुलना करताना हिशोब कसा मांडायचा?

महिन्याचं भाडं बाजूला ठेवा. "मी जितके महिने राहणार, तितक्या महिन्यांचा एकूण खर्च" हा एकच आकडा काढा. त्यात इन्स्टॉलेशन, राउटरची किंमत किंवा भाडं, सगळ्या महिन्यांचं भाडं, नोटिशीच्या काळाचं (बंद करायचं कळवल्यापासून बंद होईपर्यंतचं) भाडं आणि लवकर सोडण्याचा दंड एवढं सगळं येतं. डिपॉझिट परत मिळणार असेल तर ते खर्चात धरू नका, पण तेवढी रक्कम अडकून राहणार हे लक्षात ठेवा.

एक उदाहरण घेऊ. १२ महिन्यांच्या करारवाल्या प्लॅनचं महिन्याचं भाडं १०० धरा, इन्स्टॉलेशन फुकट. करार नसलेल्याचं भाडं १२५ आणि सुरुवातीला २००. पाच महिने राहिलात तर करार नसलेल्याचे होतात ८२५. करारवाल्यात मधेच सोडल्यास उरलेलं सगळं भाडं द्यावं लागत असेल, तर पाच महिने वापरूनही १२०० मोजावे लागतात. आठव्या महिन्याला दोन्ही बरोबर १२०० वर येतात. आठ महिन्यांपेक्षा कमी राहणार असाल तर करार नको, जास्त राहणार असाल तर करार चालेल.

आता दंडाचा नियम बदलून बघा. उरलेल्या भाड्याच्या निम्मेच पैसे द्यायचे असतील, तर पाच महिन्यांनी करार मोडण्याचा एकूण खर्च ८५० होतो, म्हणजे ८२५ च्या जवळच. सहा महिन्यांनी तो ९०० होतो आणि करार नसलेला प्लॅन ९५० वर जातो. भाडी तीच आहेत, तरी सहाव्या महिन्यातच करार मोडणं स्वस्त पडायला लागलं! म्हणून माझं ठाम मत आहे की दंडाचा नियम कळल्याशिवाय तुलना करूच नये. भाडं मोठ्या अक्षरात सगळीकडे छापलेलं असतं, दंड मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.

किती महिने राहणार हेच ठरलं नसेल, तर हिशोब दोनदा करा: लवकरात लवकर निघालात तर आणि उशिरात उशिरा निघालात तर. दोन्ही वेळा एकच प्लॅन जिंकला तर प्रश्न मिटला.

५. वर्षाचे पैसे एकदम भरले तर चांगली सूट आहे आणि करारही नाही. घेऊ का?

मधे सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात का, ते आधी विचारा. मिळत नसतील तर तो करारच झाला, उलट दंड तुम्ही आगाऊ भरून बसलात. नव्या घरात आणि नव्या कंपनीकडे आधी एक महिना घ्या, नेट कसं चालतं ते पाहा आणि मग लांबचा प्लॅन भरा.

६. किती स्पीड पुरेल?

आधी एक घोटाळा दूर करू. स्पीड सांगतात तो मेगाबिटमध्ये, फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये असतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. ५ जीबीची फाइल उतरायला साधारण सात मिनिटं लागतात. हे माहीत नसल्यामुळे "स्पीड आठपट कमी मिळतोय" अशी तक्रार करणारे बरेच जण भेटतात.

एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएसच्या आसपास लागतात, फोर-केला १५ ते २५. तीन-चार माणसांच्या घराला, एकाच वेळी सगळे वापरत असले तरी, १०० पुरतात. थोड्या महिन्यांसाठी त्याहून मोठा प्लॅन घेण्याचं कारण मला क्वचितच दिसतं.

अपलोडचा आकडा मात्र न चुकता विचारा. घरून काम करताना व्हिडिओ कॉलवर तुमचा आवाज तुटतो, तो बहुतेक वेळा अपलोड कमी पडल्यामुळे. फायबरवर अपलोड आणि डाउनलोड सारखे असू शकतात. तांब्याच्या टेलिफोन तारेवर आणि केबल टीव्हीच्या तारेवर अपलोड बराच कमी असतो.

७. "अमर्यादित" लिहिलंय. खरंच अमर्यादित असतं का?

बरेचदा ठरावीक जीबीनंतर स्पीड कमी केला जातो. ती मर्यादा किती आणि त्यानंतर स्पीड किती उरतो, हे दोन आकडे विचारा. अंदाजासाठी सांगतो: एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत खातो, फोर-के ७ जीबीपर्यंत. रोज दोन तास एचडी पाहिलं तर एका माणसाचेच महिन्याला १८० जीबी होतात. वायरच्या लाइनवर ही मर्यादा सहसा त्रास देत नाही. सिमवाल्या राउटरवर ती लवकर येते.

८. वायर ओढण्यापेक्षा सिमचा फोर-जी किंवा फाइव्ह-जी राउटर घेतला तर?

थोड्या महिन्यांसाठी हा पर्याय अगदी रास्त आहे. माणूस यायची वाट पाहायची नाही, भिंतीला भोक पाडायचं नाही, घर बदललं की राउटर पिशवीत टाकून न्यायचा. (काही कंपन्या राउटर एकाच पत्त्याशी बांधून ठेवतात, तेवढं विचारून घ्या.)

पण घेण्याआधी त्या घरात उभं राहून तपासा. त्याच कंपनीचं सिम असलेला कुणाचा तरी फोन मागून घ्या. वायफाय बंद करून प्रत्येक खिडकीजवळ स्पीड टेस्ट करा आणि रात्री नऊच्या सुमारास पुन्हा करा. दुपारी दोनला ८० आणि रात्री नऊला ६ असं मी स्वतः पाहिलं आहे. मोबाइल टॉवरवरची जागा आसपासच्या सगळ्या फोनमध्ये वाटली जाते, त्यामुळे माणसं घरी परतली की ती भरते. फायबरही वाटूनच दिलेलं असतं. जीपॉन नावाच्या प्रचलित पद्धतीत सुमारे २.५ जीबीपीएस बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. तरीही प्रत्येकाच्या वाट्याला टॉवरपेक्षा बरंच जास्त येतं.

राउटर टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवा. कपाटामागे ठेवलेला राउटर आणि खिडकीतला राउटर यांत दुपटीचा फरक पडू शकतो.

तार आणि टॉवर दोन्ही नसलेल्या जागी उपग्रहाचा मार्ग उरतो. जुन्या पद्धतीचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात. तिथपर्यंत जाऊन परत यायला आणि उत्तर यायला प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद जातो, त्यामुळे बोलणं अडखळतं. स्टारलिंकसारखे उपग्रह पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर असल्याने ही अडचण त्यांना नाही. पण अँटेना विकत घ्यावी लागली तर तिची किंमत प्रश्न ४ च्या हिशोबात धरा.

९. घरात आधीच्या भाडेकरूची फायबरची तार आहे. तीच चालेल का?

कंपनी तीच असेल तर बहुतेक वेळा चालते, आणि मग इन्स्टॉलेशनचे पैसे कमी करून मागायला हरकत नाही. कंपनी वेगळी असेल तर तार कुणाच्या जाळ्यावर आहे यावर अवलंबून आहे. भिंतीवरच्या डबीचा फोटो काढून नव्या कंपनीला पाठवा, तेवढ्यावर त्यांना कळतं.

तारेच्या टोकाला हिरवी पिन असेल तर तिच्यावर प्लास्टिकचं टोपण आहे ना ते पाहा, नसेल तर बोट लावू नका. त्या पिनचं टोक आठ अंशात तिरकं घासलेलं असतं आणि आतली काच केसाएवढी बारीक असते. धुळीचा एक कण पुरतो. तार गादीखाली किंवा दाराच्या फटीत दुमडू नका.

१०. नेट चालू झाल्यावर पहिल्या आठवड्यात काय तपासू?

लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून स्पीड पाहा. वायफायवरचा आकडा धरून तक्रार केलीत तर "तुमचं वायफाय बघा" असंच उत्तर मिळेल. केबलवर आकडा ९४-९५ वरच अडकला, तर लाइनला दोष देण्याआधी केबल आणि पोर्ट तपासा. आतल्या चारच तारा चालणारी केबल १०० च्या पुढे जातच नाही. केबलवर ठीक आणि खोलीत मंद असेल तर वायफाय ५ गिगाहर्ट्झवर जोडून पाहा. भिंती जास्त असतील तर मात्र २.४ गिगाहर्ट्झच लांबवर पोचतं.

सकाळ, दुपार, रात्र असे तीन-चार दिवसांचे स्क्रीनशॉट ठेवा. सुरुवातीचे काही दिवस पैसे परत करायची सोय असेल तर ती तारीख संपण्याआधी निर्णय घ्या.

११. बंद करताना लोक कुठे अडकतात?

तीन ठिकाणी.

पहिलं नोटिशीत. "३० दिवस आधी कळवा" यात ३० दिवस कधीपासून मोजायचे ते पाहा. काही ठिकाणी ते पुढच्या बिलापासून मोजतात. तुमचं बिल दर महिन्याच्या ५ तारखेला सुरू होत असेल आणि तुम्ही ६ जूनला कळवलंत, तर मोजणी ५ जुलैला सुरू होते आणि ४ ऑगस्टला संपते. एका दिवसाच्या उशिरामुळे जवळजवळ दोन महिन्यांचं भाडं. घर सोडायची तारीख कळली की त्याच दिवशी लेखी कळवा आणि तक्रार क्रमांक किंवा उत्तराचा मेल जपून ठेवा.

दुसरं पैशांच्या कापणीत. बँकेत जाऊन ऑटो-पे थांबवलं म्हणजे कनेक्शन बंद झालं असं नाही. खातं चालूच राहतं आणि थकबाकी साचते. आधी कंपनीकडे बंद करा, शेवटचं बिल येऊ द्या, मग ऑटो-पे काढा. प्रीपेडमध्ये मात्र आपोआप रिचार्जची सोय चालू आहे का ते पाहून ती बंद करा.

तिसरं राउटर परत करण्यात, आणि इथे मी स्वतः फटका खाल्ला आहे. घर सोडायच्या दिवशी सामानाचा टेम्पो खाली उभा होता. कंपनीचा माणूस आला, राउटर घेतला, "सिस्टममध्ये टाकतो" म्हणाला आणि गेला. मी पावती मागितली नाही. दोन महिन्यांनी राउटर परत न केल्याचं बिल आलं आणि डिपॉझिट त्यात वळतं झालं. माझ्याकडे दाखवायला एक कागद नव्हता. तेव्हापासून मी राउटर उलटा करून मागच्या स्टिकरवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढतो. शेजारी अडॅप्टर, फायबरची तार ज्यात येते तो छोटा डबा (ओएनटी) आणि केबल मांडून दुसरा फोटो काढतो आणि पावती हातात आल्याशिवाय वस्तू सोडत नाही. अडॅप्टर विसरलात तरी पैसे कापले जाऊ शकतात. नेट सुरू झालं त्याच दिवशी हे फोटो काढून ठेवलेत तर उत्तम.

१२. करार नाही म्हणजे कंपनी भाडं कधीही वाढवू शकते का?

साधारणपणे आगाऊ सूचना देऊन वाढवू शकते. जशी तुम्हाला जायची मोकळीक, तशी तिला दर बदलायची. पण तुम्ही लगेच सोडू शकता, म्हणून वाढीची सूचना आली की फोन करून "जुना दर ठेवा, नाही तर बंद करतो" असं सांगा. लांबच्या करारातही दरवर्षी वाढ असल्याची अट असू शकते. "करार म्हणजे दर पक्का" असं गृहीत धरू नका.

१३. माझा करार संपला, तरी नेट चालूच आहे. आता मी मोकळा का?

बहुधा हो. मुदत संपली की पुष्कळ प्लॅन आपोआप महिन्यागणिक चालू राहतात. पण त्याच दिवशी सुरुवातीची सवलतही संपते आणि भाडं वाढतं, तेव्हा शेवटची तीन बिलं शेजारी ठेवून पाहा. काही ठिकाणी मात्र करार आपोआप नव्याने सुरू होतो. अटींमध्ये "नूतनीकरण" हा शब्द शोधा.

१४. कराराच्या मधेच घर बदलतोय. दंड भरावाच लागेल का?

नव्या पत्त्यावर कंपनीची लाइन असेल तर कनेक्शन हलवता येतं. मात्र हलवताना नवा करार पहिल्यापासून सुरू होतो का ते विचारा, कारण तसं होऊ शकतं. तिथे लाइन नसेल तर काही कंपन्या दंड माफ करतात, पण लेखी मागितल्याशिवाय नाही. दोन्ही जमलं नाही तर प्रश्न ४ प्रमाणे दंडाचा हिशोब करा. उरलेले महिने थोडेच असतील तर दंडापेक्षा ते महिने भरून टाकणं स्वस्त पडू शकतं.

१५. भाड्याचं घर आहे. मालकाला विचारावं लागेल का?

भिंतीला भोक पडणार असेल तर हो, लेखी. मेसेजवर घेतलेली परवानगीही चालते. तार कुठून येणार याचा फोटो आधी पाठवा. घर सोडताना तार ओढून काढू नका, कापूही नका. टोपण लावून गुंडाळून ठेवा, पुढच्याला उपयोग होतो.

१६. वर्षातून तीन-चार महिने घर बंद असतं. तेवढे महिने नेट थांबवता येतं का?

प्रीपेडमध्ये रिचार्ज न करणं हाच सरळ मार्ग. फक्त किती दिवस रिचार्ज नसलं तर खातं कायमचं बंद होतं, ते विचारून ठेवा, नाही तर परतल्यावर इन्स्टॉलेशनचे पैसे पुन्हा द्यावे लागतील. महिन्यागणिक प्लॅनमध्ये तात्पुरतं थांबवायची सोय असते का ते पाहा. थांबवलेल्या काळातही थोडं भाडं लागू शकतं. घरात नेटवर चालणारे कॅमेरे असतील तर थांबवणं जमणार नाही, तेव्हा सर्वांत लहान प्लॅनवर या.

१७. आम्ही चौघं मिळून राहतो. कनेक्शन कुणाच्या नावावर घ्यावं?

जो सर्वांत शेवटी घर सोडणार त्याच्या. ज्याच्या नावावर कनेक्शन, त्याच्याकडेच थकबाकी आणि राउटरची जबाबदारी येते. तो आधी गेला आणि बाकीचे वापरत राहिले तर भांडण ठरलेलं. डिपॉझिट चौघांनी समान भरलं असेल तर कुणी किती दिले ते ग्रुपवर लिहून ठेवा.

१८. कंपनी सोडली तर फोन नंबर आणि मेल जाईल का?

कंपनीने दिलेला मेल पत्ता जाऊ शकतो, म्हणून बँकेला किंवा सरकारी कागदावर तो कधीच देऊ नका. लँडलाइनचा नंबर जपायचा असेल तर कनेक्शन बंद करण्याआधी तो दुसरीकडे नेण्याची विनंती टाका. बंद झालेल्या लाइनचा नंबर परत मिळवणं फार अवघड जातं.

१९. नवं नेट छान चालतं, पण बाहेरून घरचा कॅमेरा दिसत नाही. जुन्या कंपनीत दिसायचा. बिघाड आहे का?

बिघाड नाही. जुन्या पद्धतीचे नेट पत्ते एकूण सुमारे ४३० कोटीच आहेत, म्हणून बऱ्याच कंपन्या एक पत्ता अनेक घरांत वाटतात. सिमवाल्या राउटरवर तर हे सर्रास असतं. अशा लाइनवर तुम्ही बाहेर जाऊ शकता, पण बाहेरून कुणाला थेट तुमच्या घरात येता येत नाही.

तपासायला सोपं आहे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला नेट पत्ता, पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर पत्ता वाटलेला आहे. हा पट्टा २०१२ पासून याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. वॅन आयपीचा पहिला आकडा नुसता १० असेल किंवा तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तरी तुमचा राउटर दुसऱ्या कुठल्या तरी राउटरच्या मागे बसलेला आहे.

उपाय तीन. कंपनीकडे स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) मागा, पण त्याचे वेगळे पैसे आणि वेगळी किमान मुदत आहे का ते विचारा, कारण इथूनही करार परत आत शिरू शकतो. किंवा आयपीव्ही-६ (नव्या पद्धतीचे नेट पत्ते) चालू करून घ्या, कॅमेरा आणि फोन दोन्हीकडे ते असेल तर काम होतं. नाही तर उत्पादकाच्या ॲपमधून चालणारा कॅमेरा वापरा. तो स्वतःच बाहेर संपर्क करतो, त्यामुळे वाटलेल्या पत्त्यावरही चालतो.